शिवणीतली माया

शिंप्यांच्या बोलीत 'माया' असा एक गोड शब्द आहे. ही आईची माया नव्हे आणि वेदान्तातली तर नव्हेच नव्हे. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढत्या अंगाचे असले, की आई शिंप्याला बजावते, "दादा, माया जरा जास्त सोडा हं." वर्षाने पोराचे खांदे भरतात. मग शिवण उसवायची, आतली माया बाहेर घ्यायची आणि तोच सदरा आणखी एक वर्ष चालवायचा. म्हणजे कपडा शिवतानाच त्याच्या पुढल्या आयुष्याची तजवीज केलेली असते.

आता तालुक्याच्या बाजारात जा आणि तयार कपड्यांच्या ढिगातला एखादा स्वस्त सदरा उलटा करून पहा. शिवणीच्या आत जेमतेम नखभर कापड दिसेल. उसवून वाढवायचे म्हटले तर आत काही शिल्लकच नाही. असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. शिंपी एका वेळी एक सदरा बेततो. कारखान्यात कापडाचे कित्येक थर एकावर एक रचून यंत्राने एकदम कापतात. एका सदऱ्यामागे दोन बोटे कापड वाचले, तर लाख सदऱ्यांमागे किती वाचेल, हा हिशेब शाळेतले मूलही करील. शिवाय तो सदरा चारपाच वर्षे टिकावा, अशी कारखानदाराची मुळी अपेक्षाच नसते. एक हंगाम निभावला की पुरे; पुढल्या हंगामाला तुम्ही नवा घ्यावा, यावरच त्याचा धंदा उभा असतो.

या धंद्याला जगभर 'फास्ट फॅशन' असे नाव पडले आहे. आपण त्याला झटपट फॅशन म्हणू. पूर्वी आपल्याकडे नवा कपडा यायचा तो दिवाळीला, लग्नकार्याला किंवा फार तर शाळा सुरू होताना. आता मोबाईल उघडावा तेव्हा नवी तऱ्हा समोर येते आणि बोट टेकवले की कपडा दारात हजर. एलेन मॅकार्थर फाउंडेशन या ब्रिटनमधील संस्थेने २०१७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. आणि त्याच सुमारास एक कपडा टाकून देण्यापूर्वी जितक्या वेळा अंगावर घातला जाई, त्या वेळा मात्र एकतृतीयांशाहून अधिक घटल्या. कपडे वाढले आणि कपड्याचे आयुष्य तुटले, अशी ही उलटी गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, "कपडा स्वस्त झाला, यात वाईट काय झालं? मजुराच्या पोराच्या अंगावरही आज नवा शर्ट दिसतो." अगदी खरे आहे. ज्यांच्या घरी एकच जोड होता, रात्री धुवायचा आणि सकाळी ओलसर घालायचा, त्यांना स्वस्त कपड्याने लाज राखण्याचे साधन दिले. त्यांना कोणी काटकसरीचे धडे देऊ नयेत. पण स्वस्ताईची किंमत कुठेतरी कोणीतरी भरत असतो, तो कोण, हे पाहिले पाहिजे.

पहिली किंमत भरतो तो शिवणारा. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे 'राणा प्लाझा' नावाची बहुमजली इमारत होती. तिच्यात युरोप-अमेरिकेतील दुकानांसाठी कपडे शिवणारे पाच कारखाने होते. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी उघडली नाहीत. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावण्यात आले. २४ तारखेला सकाळी इमारत कोसळली आणि १,१३४ माणसे मेली. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. माल वेळेवर पाठवायचा होता, म्हणून तडे दिसूनही यंत्रे चालू राहिली. त्याच वर्षी अनेक विदेशी कंपन्यांनी कारखान्यांच्या सुरक्षिततेचा करार केला, हेही सांगितले पाहिजे. पण त्यासाठी एवढे बळी पडावे लागले.

दुसरी किंमत भरते ती जमीन आणि पाणी. जगाची सरासरी धरली, तर एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी लागते, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यात पिकाने घेतलेले पावसाचे पाणीही धरलेले आहे. पाव किलोचा सदरा घेतला तर २,५०० लिटर झाले. माणूस दिवसाला तीन लिटर पाणी पितो असे समजा. म्हणजे एका सदऱ्यात एका माणसाचे सव्वादोन वर्षांचे पिण्याचे पाणी आहे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला बहुतेक कापूस कोरडवाहू. ज्याने पावसाकडे डोळे लावून तो पिकवला आणि जिने उन्हात वाकून बोंडे वेचली, त्यांना कापडाचे मोल निराळे सांगायला नको. तो कापूस पाचसहा वेळा घालून उकिरड्यावर जावा, यापरता त्या कष्टांचा अपमान कोणता?

आता अलीकडे या व्यवहारात सुताची जागा पॉलिएस्टरने घेतली आहे. जगात आज जितके तंतू तयार होतात, त्यांतले निम्म्याहून अधिक पॉलिएस्टरचे असतात. पॉलिएस्टर हे खनिज तेलापासून बनते. जातीने ते प्लॅस्टिकचेच भावंड. त्याला गुण नाहीत असे नाही. ते लवकर वाळते, चुरगळत नाही, कोकणातल्या पावसाळ्यात तर ते सोयीचे वाटते. पण ते घाम शोषत नाही. धुताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे पाण्याबरोबर ओढ्यानाल्यांत जातात. आणि फेकून दिले तर वर्षानुवर्षे कुजत नाही.

इथे आपल्या घरांतली एक जुनी रीत आठवते. नऊवारी लुगडे विरले, की आजी विरलेला भाग कापून काढी आणि उरलेले तुकडे जोडी. त्या जोडाला दंड म्हणत. दंड घातलेले लुगडे आणखी वर्षभर चाले. तेही विटले, की त्यातून धाकटीचा परकर निघे. मग बाळंतिणीसाठी झबली आणि दुपटी. कारण शंभरदा धुतलेल्या सुती कापडाइतके मऊ बाजारात काही मिळत नाही. त्यानंतर गोधडी. आणि अगदी शेवटी पोतेरे. पोतेरेही झिजले की खताच्या खड्ड्यात जाऊन मातीत मिसळे. अशी ही पायऱ्यांची उतरण होती. कपडा म्हातारा होई, पण निकामी होत नसे.

पॉलिएस्टरच्या साडीला या पायऱ्या उतरता येत नाहीत. तिचे झबले बाळाला टोचते, तिचे पोतेरे पाणी टिपत नाही, आणि खड्ड्यात टाकली तर नांगराच्या फाळाला तशीच्या तशी गुंडाळून वर येते. सूत आणि पॉलिएस्टर मिसळून विणलेले कापड पुन्हा वेगळे करणेही कठीण. मग हे कपडे जातात कुठे? हरियाणातील पानिपत येथे परदेशांतून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून त्यांचे सूत काढतात आणि ब्लँकेटे विणतात. पण सगळ्यांचे भाग्य असे नसते. श्रीमंत देशांतल्या लोकांनी टाकलेले कपडे गठ्ठ्यांनी आफ्रिकेतील घाना देशात अक्रा शहराच्या कान्तामान्तो बाजारात येतात. त्यांतले जे विकले जात नाहीत, ते गटारांतून समुद्राला मिळतात. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात तर अशा कपड्यांच्या टेकड्या साचल्या आहेत.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे: कपडा घेताना त्याचे तारुण्य पाहू नका, त्याचे म्हातारपण पहा. रंग, चकाकी, नक्षी हे तारुण्य. तो वाढवता येईल का, सांधता येईल का, आणि जुना झाल्यावर कशाच्या उपयोगी पडेल, हे म्हातारपण.

हे ओळखायचे कसे? आपल्याकडे जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण असते. तिच्याइतका कापडाचा पारखी दुसरा नाही. ती कपडा उन्हाकडे धरते, कुठे विरला आहे ते पाहते, शिवण ताणते, काठ चाचपते आणि मगच भांड्याला हात लावू देते. आपण बोहारणीची नजर घेऊन दुकानात शिरावे. कपडा उलटा करून माया पहावी. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणावी. टाक्यांमधून उजेड दिसला तर तो ठेवून द्यावा. गुंडी ओढून पहावी. कापड उजेडाकडे धरावे. जाळीसारखे दिसले तर ते लवकर विरणार.

आणि किंमत वाचताना एक भागाकार मनात करावा. समजा, एक सदरा ३०० रुपयांना मिळाला आणि वीस वेळा घालून तो आटला, विटला, टाकला. दर खेपेचे १५ रुपये पडले. दुसरा, चांगले सुती कापड घेऊन गावच्या शिंप्याकडून शिवला, तो ८०० रुपयांना पडला. पण १६० वेळा घातला. दर खेपेचे ५ रुपये. मग महाग कोणता? अर्थात ८०० रुपये एकदम काढणे सर्वांना जमत नाही, हे मी जाणतो. पण ज्याला वर्षाकाठी तीन स्वस्त सदरे घेणे जमते, त्याला एक टिकाऊ घेणे जमू शकते. आणि त्यातली शिलाई गावातच राहते. यंत्र विकून गावातून गेलेला शिंपी पुन्हा येत नाही, आणि त्याच्याबरोबर रफू, अस्तर आणि उसवून वाढवण्याची कलाही जाते.

लग्नकार्यांतल्या आहेराबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. मानपानात दिलेले ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या आणि कमी भावाच्या साड्या यांचे पुढे काय होते, हे आपण सगळे जाणतो. एका घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. घडी न मोडता ते तालुका फिरून येतात आणि एखाद्या वेळी मूळ घरीच परततात! नेसायच्या लायकीची नसलेली दहा लुगडी वाटून कर्ज करण्यापेक्षा, जवळच्या दोघींना अंगावर शोभेल अशी एकेक साडी द्यावी. बाकीच्यांचा मान गोड जेवणानेही राखता येतो.

शिक्षक मंडळींना यात पुष्कळ करण्याजोगे आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना, होय, मुलांनाही, गुंडी लावणे, दुमड घालणे आणि धावदोरा शिकवावा. विज्ञानाच्या तासाला स्वतः एक प्रयोग करून दाखवावा. कापडाच्या कडेचा एक धागा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून हलकी राख देतो. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. एवढ्यावरून मुले आपापल्या घरचे कापड ओळखू लागतील. गणिताच्या तासाला महिनाभर प्रत्येक कपड्यापुढे घातल्याच्या रेघा ओढायला सांगाव्या आणि दर खेपेची किंमत काढवून घ्यावी. वर्षअखेरीस आखूड झालेले गणवेश धुऊन, दुरुस्त करून शाळेतच खालच्या इयत्तांना मिळावेत, अशी व्यवस्था करावी. मात्र ती 'गरिबांसाठी' म्हणून करू नये; सर्वांनी द्यावे आणि सर्वांनी घ्यावे. नाहीतर घेणाऱ्या मुलाची मान खाली जाते आणि चांगली रीत तिथेच बुडते.

हे सगळे एका दिवसात व्हावे असे नाही, आणि आहेत ते कपडे टाकून नवे 'टिकाऊ' कपडे आणणे हा तर शुद्ध वेडेपणा ठरेल. अंगावर असलेला कपडा, मग तो पॉलिएस्टरचा का असेना, शेवटपर्यंत वापरणे हीच पहिली काटकसर. तेव्हा येत्या रविवारी एवढेच करा. ट्रंक आणि कपाट उघडून, केवळ गुंडी तुटली, हूक निघाला किंवा दुमड उसवली म्हणून पडून राहिलेले कपडे बाजूला काढा. सुईदोरा घेऊन घरातल्या सगळ्यांनी मिळून ते नीट करा. संध्याकाळी मोजून पहा. घरातच केवढी खरेदी झाली, हे पाहून तुमचे तुम्हालाच नवल वाटेल.