बाळ रात्री सारखं उठतंय? आधी ते झोपतंय कसं ते बघू

आजचा भाग नवीन आईबाबांसाठी, आणि ज्यांच्या घरी ताईचं किंवा वहिनीचं छोटं बाळ आलंय अशा मामा, काका, आत्या, मावश्यांसाठीसुद्धा. माझी मुलगी साडेतीन महिन्यांची आहे. दिवसा मी कोड लिहितो आणि रात्री दीडला ती मला उठवते.

पहिली गोष्ट म्हणजे, लहान बाळ रात्री उठणारच. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट इवलंसं असतं, दूध पटकन पचतं, दोन-तीन तासांनी परत भूक लागते. दिवस कुठला, रात्र कुठली, हे त्याच्या शरीराला कळायला दोन-तीन महिने लागतात. आणि ही जाग त्याच्या कामाचीही आहे. नाकावर कापड आलं किंवा श्वास अडला, तर उठून मान वळवणं आणि रडणं एवढाच उपाय त्याच्याकडे असतो.

म्हणून ‘बाळ गाढ कसं झोपेल’ यासाठी घरोघरी ज्या युक्त्या करतात, त्या जरा तपासून बघायला हव्यात.

सगळ्यात कॉमन युक्ती म्हणजे पालथं झोपवणं. पालथं बाळ जास्त वेळ झोपतं हे खरं आहे, पण त्याला जागही सहज येत नाही. शिवाय तोंड गादीत गेलं तर सोडलेलीच हवा ते परत आत घेतं. वरवर धडधाकट दिसणारं, वर्षाच्या आतलं बाळ झोपेत जातं आणि तपास करूनही कारण सापडत नाही, याला ‘सिड्स’ म्हणतात. यातले बहुतेक मृत्यू पहिल्या सहा महिन्यांत होतात. एकेकाळी पाश्चात्त्य देशांत डॉक्टरही बाळाला पालथं झोपवायला सांगायचे. मग १९९१ मध्ये ब्रिटनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेने ‘उताणं झोपवा’ ही मोहीम काढली. पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

आता आजीचा प्रश्न: ‘अरे, उताणं ठेवलं आणि दूध वर आलं तर घशात नाही का अडकणार?’ प्रश्न रास्त आहे. पण उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध खालीच राहतं, बाळ ते गिळतं किंवा बाहेर काढतं. पालथं केलं की हे उलटं होतं. आजीशी वाद घालू नका, हे चित्र कागदावर काढून दाखवा. डोकं चपटं होईल ही भीती असेल, तर बाळ जागं असताना, आपण समोर बसून, त्याला थोडा वेळ पालथं ठेवा. राईची उशी नको. वर्षभर कुठलीच उशी नको.

बाकी नियम सोपे आहेत. गादी घट्ट आणि सपाट, चादर ताणून बसवलेली. जवळ लोड, जाड गोधडी, खेळणी काही नको. झोळीत बाळ पटकन झोपतं, पण कापड मध्ये खोल जातं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. डोळा लागला की सपाट जागी ठेवा. घरात टोपी-कुंची घालून झोपवू नका. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा कमी करा. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा धुरी अजिबात नको. बाळ कुशीवर वळायला लागलं की दुपट्यात गुंडाळणं बंद.

बाळ आपल्याच खोलीत, पण वेगळ्या गादीवर किंवा पाळण्यात, हे निदान पहिले सहा महिने सगळ्यात चांगलं. वन आरके असेल तरी आईच्या हाताच्या अंतरावर वेगळी छोटी गादी बसते. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी लागणं फार धोक्याचं. रात्री दूध पाजताना झोप लागेल असं वाटत असेल, तर सोफ्यापेक्षा पलंग बरा, तोही उशा-पांघरुणं बाजूला सारून. जाग आली की बाळ लगेच त्याच्या जागी. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, किंवा बाळ कमी दिवसांचं असेल, तर एका अंथरुणात नकोच.

मग आईबाबांच्या झोपेचं काय? आपल्या आयटीत ऑन-कॉल एकट्याच्या गळ्यात कायमचा टाकत नाहीत. रात्रही वाटून घ्या. आमच्याकडे दोनपर्यंत मी, पुढे बायको. माझ्या वेळात दूध ती पाजते, पण डायपर, ढेकर आणि परत झोपवणं माझं. ‘त्याला सकाळी ऑफिस आहे’ म्हणून बाबाला वेगळ्या खोलीत पाठवू नका. आईलाही सकाळी बाळ आहेच! रात्री दिवा मंद ठेवा, गप्पा नको. बाळ कण्हलं की लगेच उचलू नका. डोळे मिटलेले असतील तर अर्धा मिनिट थांबा. बाळं झोपेतही हलतात, आवाज करतात.

रडणं थांबेना आणि आपलाच तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला उताणं सुरक्षित जागी ठेवा आणि पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका. झोपेसाठी मनाने कफ सिरप किंवा गुटी देऊ नका. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, दूध न पिणं, ओठ निळे पडणं किंवा श्वासाला त्रास दिसला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. आणि बाळ झोपलेलं असूनही आईला झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, तर ‘होईल ठीक’ म्हणून सोडून देऊ नका. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास, मराठीतही, मोफत आहे.

आज रात्री एवढंच करा: बाळाच्या जागेवरची उशी उचला, आणि दोनचा अलार्म कुणाचा ते ठरवा. भेटू पुढच्या भागात!