अवधानास अनुकूल रचना

चित्त एकाग्र होत नाही याचा दोष आपण बहुधा त्या चित्ताच्या धन्यावरच ठेवतो. अभ्यासात ज्याचे मन लागत नाही तो विद्यार्थी आळशी ठरतो आणि ज्याच्या हातून चुका होतात तो कारकून बेफिकीर ठरतो. परंतु तो विद्यार्थी ज्या खोलीत बसतो आणि तो कारकून ज्या पडद्याकडे पाहत दिवस काढतो, त्या खोलीची वा पडद्याची जबानी सहसा कोणी घेत नाही. ती घेतली असता काय निष्पन्न होते, हे गेल्या अर्धशतकातील काही अपघातांच्या चौकशांवरून स्पष्ट दिसते.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड या अणुविद्युत केंद्रात बिघाड झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रणकक्षातील शंभरांहून अधिक इशारे एकदम सुरू झाले, आणि त्यांतील महत्त्वाचा कोणता व क्षुल्लक कोणता हे सांगण्याची कोणतीही तजवीज तेथे नव्हती. त्याहून घातक गोष्ट अशी की, जी झडप उघडी राहिल्यामुळे अणुभट्टीतील पाणी बाहेर वाहून जात होते, तिच्यासंबंधीचा दिवा ती बंद असल्याचे सुचवीत होता. कारण झडपेस बंद होण्याचा हुकूम सुटला एवढेच तो दिवा दाखवी, त्या हुकमाची तामिली झाली की नाही हे दाखवीत नसे. आत पाणी भरपूर आहे अशा समजुतीने कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पुरवठाच आखडता घेतला, आणि भट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. ती माणसे प्रशिक्षित होती आणि जागीही होती. पण त्यांचे लक्ष ज्या रचनेच्या स्वाधीन होते, तिने त्यांना दगा दिला.

विमानविद्येने मात्र अशा अनुभवांतून फार मोलाचा धडा घेतला. एअरबसच्या विमानांत वैमानिकाच्या डोक्यावरील फलक असा योजिलेला असतो की, सर्व काही ठीक चालले असता त्यावरील दिवे बहुतांशी विझलेले राहावेत. जेथे लक्ष पुरवणे आवश्यक तेथे पिवळसर दिवा लागतो, आणि तत्काळ कृती करणे प्राप्त असेल तरच लाल. इतकेच नव्हे, तर विमान धावपट्टीवरून झेपावत असताना, वैमानिकाने त्या क्षणी ज्यासंबंधी काहीच करावयाचे नाही असे किरकोळ इशारे, पुरेशी उंची गाठेपर्यंत यंत्र स्वतःच रोखून धरते. अमेरिकेने १९८१ साली केलेल्या नियमानुसार दहा हजार फुटांखाली उड्डाण चालू असताना वैमानिकांना अनावश्यक संभाषणाचीही मुभा नाही. यंत्राने आणि माणसाने केव्हा बोलू नये, याचा येथे बोलण्याइतकाच काळजीपूर्वक विचार झालेला आहे.

हेच तत्त्व वास्तूसही लागू पडते. पंख्याची एकसुरी घरघर वाचनात फारसा व्यत्यय आणीत नाही, परंतु शेजारी हलक्या आवाजात चाललेले, समजण्याजोगे संभाषण आणते; कारण भाषा जाणणारे मन कानी पडलेल्या शब्दांचा अर्थ लावल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांसाठी चालणाऱ्या अभ्यासिकांमध्ये समोर आडोसा असलेली स्वतंत्र जागा आणि बोलायचे तर बाहेर, हा जो सक्त दंडक असतो, त्यामागील व्यवहारज्ञान हेच. उलट, सहकार वाढावा म्हणून भिंती पाडून उभारलेल्या आधुनिक कचेऱ्यांची कथा उद्‌बोधक आहे. ईथन बर्नस्टीन व स्टीफन टर्बन यांनी अशा दोन कंपन्यांच्या केलेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भिंती गेल्यावर माणसांचे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेलचा ओघ वाढला, असे आढळले. एकांत हिरावला गेला आणि संवादही साधला नाही.

आपल्या खिशातील पडद्याची स्थिती तर याहून विपरीत आहे. बँकेचा संदेश, आप्ताची हाक आणि दुकानदाराची जाहिरात ही तिन्ही तेथे एकाच घंटेने व एकाच तातडीने दाखल होतात. वस्तुतः झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मार्क वायझर यांनी १९९५ सालीच सहकाऱ्यांसह असे प्रतिपादन केले होते की, उत्तम यंत्राने बहुतेक वेळ लक्षाच्या परिघावर राहावे आणि गरजेपुरतेच केंद्रस्थानी यावे. याचे उदाहरण म्हणून तेथे नताली जेरेमिजेन्को या कलावतीने छतास टांगलेली एक प्लॅस्टिकची दोरी होती. संगणकजालावरील वाहतूक वाढली की एका लहानशा मोटरीमुळे ती गरगर फिरे आणि वाहतूक मंदावली की किंचित थरथरे. पाहू इच्छिणाऱ्यास वार्ता मिळे, इतरांच्या कामात खंड पडत नसे.

म्हणून रुग्णालयासाठी यंत्रे, कचेरीसाठी संगणकप्रणाली किंवा शाळेसाठी इमारत यांच्या निविदा ज्यांच्या सहीने निघतात, त्यांनी किंमत आणि मुदत यांच्या जोडीला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: सर्व काही सुरळीत असता ही रचना गप्प राहते काय, बोलते तेव्हा प्रसंगाच्या गांभीर्याइतकेच बोलते काय, आणि जे दाखवते ते प्रत्यक्ष स्थिती आहे की केवळ सोडलेला हुकूम? अतिदक्षता विभागातील ज्या परिचारिकेस दिवसभर निरर्थक घंटा ऐकाव्या लागतात, तिला एका खऱ्या घंटेच्या वेळी सावध राहण्याचा उपदेश करणे हा अन्याय आहे. एकाग्रतेची अपेक्षा करण्याचा अधिकार, तिला आधी जागा करून देणाऱ्यासच पोहोचतो.