लाडकी बहीण म्हणजे मूलभूत उत्पन्न का?

मूलभूत उत्पन्नावर पीएचडी करतेय म्हटलं, की रत्नागिरीत हमखास येणारा प्रश्न: "म्हणजे ते लाडक्या बहिणीचे दीड हजार ना?" खात्यात पैसे जमा होतात म्हणून दोन्ही सारखंच वाटतं. पण पाच चाचण्या लावून बघा.

मूलभूत उत्पन्न म्हणजे असे पैसे, जे १) ठरावीक काळाने, २) रोख, ३) कुटुंबाला नव्हे तर प्रत्येक व्यक्तीला, ४) गरीब-श्रीमंत न बघता सर्वांना आणि ५) कामाची किंवा वागण्याची अट न घालता मिळतात.

आता २०२४ ची 'लाडकी बहीण' घ्या. दरमहा १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात, आणि ते कशावर खर्च करायचे हे तिचं तीच ठरवणार. पहिली, दुसरी, पाचवी चाचणी पास! चौथीत मात्र नापास. वय २१ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, घरात चारचाकी नको (ट्रॅक्टर चालतो), आणि एका घरातली एकच अविवाहित मुलगी. म्हणजे तिसरीतही अर्धेच गुण: पैसे व्यक्तीला, पण पात्रता कुटुंबावरून.

'पीएम किसान'चे वर्षाला ६,००० रुपये जमीनधारक शेतकरी कुटुंबाला मिळतात. मिरकरवाड्यात मासळी विकणाऱ्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईला त्यातलं काही नाही. 'मातृवंदना' योजनेत गरोदरपणाची नोंदणी, तपासणी, बाळाचं लसीकरण झालं तर पैसे. याला सशर्त रोख मदत म्हणतात. रोजगार हमी तर वेगळीच. महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायदा करून काम मागण्याचा हक्क दिला, पण तिथे पैसे मिळतात ते मजुरीचे.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? प्रत्येक अटीमागे एक कागद असतो. उत्पन्नाचा दाखला, आधार जोडणी, ई-केवायसी. यातलं एक राहिलं, की खरी गरजू बाईसुद्धा बाहेर. अट नसेल तर हा प्रश्नच येत नाही.

मग सर्वांनाच का देत नाहीत? साधा हिशोब करू. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ११.२४ कोटी लोक. प्रत्येकाला दरमहा १,५०० दिले, तर वर्षाला सुमारे २ लाख कोटी रुपये लागतील. राज्याचा २०२४-२५ चा अर्थसंकल्प होता सुमारे ६ लाख कोटींचा. म्हणजे एक तृतीयांश यातच!

म्हणून खरा वाद "फुकट पैसे द्यावेत का" एवढाच नाही. अटी ठेवून काही गरजूंना गमवायचं, की अटी काढून तेवढा पैसा उभा करायचा, हा आहे. पुढची योजना जाहीर झाली, की रकमेच्या आधी अटी वाचा.