गोल्फ जीटीआय आणि पोर्शे 924 : एक तुलना

वेगवान मोटार म्हणजे बुटकी, दोन दारांची आणि श्रीमंतांच्या अंगणातच शोभणारी, असा सर्वसाधारण समज आहे. तो डळमळीत करण्यात मोठा वाटा 1976 साली जर्मनीत विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयचा. साध्या कौटुंबिक हॅचबॅकलाच जोरकस इंजिन बसवलेली ही गाडी. पाच हजार खपल्या तरी पुष्कळ, असा कंपनीचा होरा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या.

त्याच सुमारास पोर्शेची 924 आली. (गंमत अशी, की तिची मूळ आखणी पोर्शेने फोक्सवॅगनसाठीच केली होती.) 924 ची शक्ती 125 अश्वशक्ती, जीटीआयची 110. मग 924 सरस? वैद्यकातील मंडळी औषधाची मात्रा वजनावर ठरवतात; तोच हिशेब येथे लावू. पोर्शेचे वजन सुमारे 1080 किलो, गोल्फचे 810. म्हणजे टनामागे पोर्शेला 116, तर गोल्फला सुमारे 135 अश्वशक्ती लाभते. साहजिकच ताशी 100 किलोमीटरचा वेग गोल्फ किंचित आधी गाठी. त्यापुढे मात्र हवेचा विरोध वाढत जातो, तेथे पोर्शेची निमुळती काया कामी येई : तिचा कमाल वेग 200, गोल्फचा 182. किंमत गोल्फची 13,850 मार्क, पोर्शेची 23,000 हून अधिक.

खरा भेद वळणावर कळतो. 924 चे इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे; त्यामुळे भार जवळजवळ समसमान विभागलेला, आणि गाडी ढकलतात मागची चाके. गोल्फमध्ये ओढणे आणि वळवणे ही दोन्ही कामे पुढच्याच चाकांवर. टायरची पकड मर्यादित असते. वळणात जोर वाढवला, की वळवण्यासाठी ती कमी उरते आणि गाडी वळणाबाहेर सरकू लागते. शक्ती वाढली, की सुकाणूही हातात ओढ घेऊ लागते. पुढे विद्युत-नियंत्रित डिफरन्शियलने हा दोष बराच आवरला, तरी मागून ढकलणाऱ्या गाडीच्या सुकाणूची निर्मळता वेगळीच. मुलांना शाळेत सोडून बाजाराची पोती आणण्याची सोय मात्र गोल्फमध्येच!

भारतात गोल्फ जीटीआय 2025 साली आली, 265 अश्वशक्तीची, परंतु संपूर्ण आयात केलेली. जकातीसह शोरूममधील किंमत तेव्हा 52.99 लाख रुपये होती. जिची ख्याती स्वस्ताईची, ती येथे अवतरली ती अशी.