मित्रा अजून उंबरठ्याबाहेरच

बडोदे शहराच्या उत्तरेस समा नावाचा भाग आहे. एके काळी हे गावाबाहेरचे खेडे. आज तेथे सदनिकांच्या आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या आहेत. गायकवाडांच्या राजवटीपासून बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना घरातील मराठी टिकविण्याच्या कामी आज दूरचित्रवाणीचा मोठाच आधार वाटतो. दिवेलागण झाली, की मराठी वाहिन्यांवरील मालिका सुरू होतात आणि आजीपासून नातीपर्यंत सारे एका पडद्यासमोर बसतात. समामधील दिवाणखाना काय आणि रत्नागिरीतील किंवा मडगावातील माजघर काय, या वेळी दृश्य सर्वत्र एकच असते. या पडद्यावर आपण काय पाहिले नाही? सवती पाहिल्या, विषप्रयोग पाहिले, पुनर्जन्म पाहिले, मेलेली माणसे नव्या चेहऱ्याने परत आलेली पाहिली. परंतु दोन स्त्रिया परस्परांवर प्रेम करतात आणि एका छपराखाली निमूटपणे संसार करू पाहतात, एवढी साधी गोष्ट मात्र या पडद्यावर अभावानेच आढळते. ती का आढळत नाही, आणि न आढळल्याने कोणाचे काय नुकसान होते, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

हा विषय परका आहे, पाश्चात्त्यांचे ते खूळ आहे, असे म्हणून तो टाळण्याचा आपला प्रघात आहे. बडोद्याचाच इतिहास या समजुतीला छेद देतो. गुजरातेत सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत ‘मैत्री करार’ नावाची एक प्रथा रूढ झाली होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दुसऱ्या लग्नास बंदी केल्यानंतर विवाहित पुरुष दुसऱ्या स्त्रीबरोबरच्या सहवासाचा करार मुद्रांकित कागदावर लिहून घेत. पुरुषांनी आपल्या सोयीसाठी शोधलेल्या या पळवाटेचा आधार १९८७ साली बडोदे जिल्ह्यातील दोन स्त्रियांनी परस्परांसाठी घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रदेशात पोलीस दलातील दोन स्त्रियांनी एकमेकींशी विवाह केला आणि त्यापायी नोकरी गमावली. या चौघींपैकी कोणीही परदेशी मालिका पाहून हे केले नव्हते. पुढे याच बडोद्यात ‘विकल्प’ या स्त्रियांच्या संस्थेने अशा स्त्रियांसाठी काम उभे केले. या कामाशी निगडित असलेल्या माया शर्मा यांनी ‘लव्हिंग विमेन’ या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी पुस्तकात दहा स्त्रियांच्या जीवनकथा सांगितल्या. त्या सुखवस्तू घरांतील नव्हेत. कष्टकरी आणि गरीब वर्गातील आहेत.

मराठीपुरते बोलावयाचे, तर या बाबतीत आपण मागासलेले मुळीच नव्हतो. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात सुमित्रा देव ऊर्फ मित्रा हिची भूमिका केली. स्वातंत्र्यपूर्व काळातील पुण्याच्या महाविद्यालयात शिकणारी ही मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते, आणि तिची कहाणी बापू हा तिचा मित्र आपल्याला सांगतो. नाटकाच्या नावातही ही दुहेरी गंमत आहे. ती मित्राची, म्हणजे स्नेह्याची गोष्ट आहे आणि मित्रा नावाच्या मुलीचीही. देशातील बहुतेक भाषांतील रंगभूमीने या विषयाचे नावही उच्चारले नव्हते, तेव्हा मराठी नाटककाराने तो नायिकेच्या रूपाने मध्यभागी आणून ठेवला, ही आपल्या भाषेला भूषणावह गोष्ट होय. मात्र या नाटकाचा शेवट मित्राच्या आत्मनाशात होतो.

लगेच पुढल्या वर्षी, १९८२ साली, जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ प्रदर्शित झाला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरील या चित्रपटाची पटकथा तेंडुलकरांचीच. त्यातील महिलाश्रमात दोन स्त्रियांचे परस्परसंबंध उघडकीस येतात आणि एकच खळबळ माजते. स्मिता पाटील यांनी साकारलेली सहृदय अधीक्षिकादेखील त्याकडे उपचारांनी बरा होणारा विकार म्हणूनच पाहते. त्या काळच्या वैद्यकशास्त्राचे मतही याहून फार निराळे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने समलिंगी आकर्षणाला आजारांच्या यादीतून वगळले ते १९९० साली. म्हणजे आरंभीच्या या दोन कलाकृतींत अशा स्त्रीच्या वाट्याला एकीकडे मरण आले आणि दुसरीकडे औषध.

त्यानंतर मराठीत दीर्घ शांतता पसरली. तेंडुलकरांच्या ‘मित्रा’ या कथेवरून रवी जाधव यांनी केलेल्या लघुपटाला २०१४ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ साली ‘बायोस्कोप’ या चित्रपटाचा एक भाग म्हणून तो लोकांसमोर आला. तीन दशकांनंतरही मराठी पडद्याला पुन्हा तेंडुलकरांच्या मित्राकडेच जावे लागले, यातच आपल्या लेखकांच्या मौनाची कबुली नाही काय?

या मौनाचे एक कारण १९९८ सालच्या डिसेंबरात शोधावे लागेल. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटास परीक्षण मंडळाने प्रमाणपत्र दिलेले असतानाही मुंबईत आणि पाठोपाठ दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. त्यात शबाना आझमी आणि नंदिता दास यांनी एकाच घरातील दोन जावांच्या भूमिका केल्या होत्या. या चित्रपटातील एका तपशिलाकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. त्या कुटुंबाचा एक व्यवसाय व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचा आहे. धाकटा मुलगा ओळखीच्या गिऱ्हाइकांना अश्लील कॅसेट चोरून पुरवितो आणि त्याविषयी घरात कोणाला विशेष खंतही वाटत नाही. पुरुषांच्या चोरट्या करमणुकीला दुकानात फळी राखून ठेवलेली आहे. घरातील दोन स्त्रियांच्या उघड प्रेमाला मात्र घरात जागा नाही. अखेरीस त्या दोघी जिवंत राहतात, परंतु घर सोडूनच.

‘फायर’चे पुढे काय झाले? केवळ प्रौढांसाठी असे प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांनुसार वाहिन्यांवर स्थान नाही. तेव्हा घरी पाहावयाचा तर कॅसेट किंवा तबकडी आणून, दार लावून पाहावयाचा. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणीबरोबर व्हिडिओचे यंत्रही आपल्या घरांत शिरले होते. त्या यंत्राने पुष्कळ उपकार केले. चित्रपटगृहात जे पाहण्यास धीर होत नसे, ते घरी पाहता येऊ लागले. जे एकदाच दिसून लुप्त होई, ते जपून ठेवता येऊ लागले. एकाकी मुलीला आपल्यासारखी कोणी तरी जगात आहे, हा दिलासा अशा एखाद्या तबकडीतूनही मिळू शकतो, आणि तो लहान दिलासा नव्हे. परंतु जे केवळ दार लावून पाहता येते, ते लाजिरवाणे आहे, असाही समज त्याबरोबरच मनात पक्का होतो.

आज कॅसेट गेली, तबकडीही मागे पडली. त्यांची जागा शुल्क भरून पाहावयाच्या इंटरनेटवरील वाहिन्यांनी घेतली आहे. मंजू कपूर यांच्या कादंबरीवरील ‘द मॅरिड वुमन’ ही हिंदी मालिका २०२१ साली अशाच मार्गाने आली. आता सारे काही उपलब्ध आहे, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. ज्या मुलीपाशी स्वतःचा मोबाइल नाही, स्वतःची खोली नाही, जिच्या हातातील यंत्र भाऊ वाटेल तेव्हा तपासतो, तिच्यासाठी ही उपलब्धता कागदावरचीच आहे. तिच्यापर्यंत पोहोचणारा पडदा एकच, दिवाणखान्यातला. त्यावर जे दिसते, ते ती एकटी पाहत नाही. तिची आई, तिची आजी आणि तिचे लग्न ठरविणारे काकाही पाहतात. म्हणून त्या पडद्याचे मोल अधिक आहे.

येथे कोणी मुलांच्या संस्कारांचा प्रश्न उपस्थित करील. तो प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु आम्ही शृंगाराची दृश्ये मागत नाही. सोनम कपूर यांची मध्यवर्ती भूमिका असलेल्या ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’ या २०१९ च्या हिंदी चित्रपटात मुलीचे मुलीवरील प्रेम हाच कथेचा गाभा होता, आणि त्यास ‘यूए’ प्रमाणपत्र मिळाले. विषय आणि असभ्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे परीक्षण मंडळालाही उमगले; मालिका लिहिणाऱ्यांना ते का उमगू नये?

कायद्याने आपले काम अर्धे केले आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने अशा विवाहांस मान्यता देण्याचे नाकारले आणि तो प्रश्न कायदेमंडळाचा आहे असे म्हटले. म्हणजे आता गुन्हा नाही, पण नातेही नाही. ही मधली जागा फार कठीण असते. २०१८ च्या निकालाला तीन महिने उरले असताना अहमदाबादेत दोन विवाहित तरुण स्त्रियांनी, जग आपल्याला एकत्र जगू देत नाही असे लिहून ठेवून, साबरमतीत जीवन संपविले. तेंडुलकरांच्या नाटकातील मित्राचा शेवट आणि या दोघींचा शेवट यांत जवळजवळ चार दशकांचे अंतर आहे. तरीही शेवट तोच. एखाद्या मालिकेने त्या दोघी वाचल्या असत्या, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. परंतु अशा स्त्रीची प्रत्येक गोष्ट मरणाशी किंवा घर सोडण्याशीच संपत असेल, तर जगण्याची तिसरी तऱ्हा तिला आणि तिच्या घरच्यांना सुचावी तरी कोठून? ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. ‘द हंड्रेड’ या अमेरिकी मालिकेत २०१६ साली अशाच एका नायिकेला मारले गेले, तेव्हा तेथील प्रेक्षकांनीही हाच प्रश्न मालिकेच्या कर्त्यांना खडसावून विचारला होता.

नाटक अडीच तासांत संपते. त्याला टोकाचा शेवट शोभून दिसतो. दैनंदिन मालिकेचे तसे नाही. ती वर्षानुवर्षे चालते. तिच्यात सण येतात, आजारपणे येतात, दुधाचे हिशेब होतात, माणसे म्हातारी होतात. नित्याचे जगणे दाखविण्याची जी शक्ती या प्रकारात आहे, ती अन्य कोणत्याही कलेत नाही. तेव्हा मराठी मालिकांच्या निर्मात्यांना आमचे सांगणे एवढेच, की या प्रश्नावर भाषणे देणारे पात्र नको. कथेत एखादी आत्या, एखादी शिक्षिका असू द्या, जी आपल्या सखीसह वीस वर्षे एका घरात राहते, गणपतीत आरतीला येते आणि भावाच्या मुलांचा अभ्यास घेते. तिला मारू नका, तिला बरे करू नका, तिला घराबाहेर काढू नका. पुढील भागातही ती असू द्या. १९८१ साली मराठी रंगभूमीने मित्राची गोष्ट सांगण्याचे धैर्य दाखविले. आता तिला उंबरठ्याच्या आत घेऊन बसावयास पाट देणे, हे मराठी दूरचित्रवाणीचे काम आहे.