खेळाडूंचें सिंहावलोकन

आमच्या पुतण्याच्या टेबलाच्या खणांत पत्त्यांच्या जोडाएवढी एक पांढरी, गुळगुळीत डबी बरींच वर्षें पडून आहे. कॉलेजांत असतांना तो तिच्या बोंड्या कानांत घालून तासन्‌तास बसे. जेवावयाची तिसरी हांकहि त्यास ऐकूं जात नसे. पानें वाढून झाल्यावर कोणी तरी जाऊन त्याचा खांदा हलवावा लागे. त्या काळीं आम्हीं त्या डबीस ‘आळशांचें कर्णभूषण’ असें नांव ठेविलें होतें, आणि घरांतील मुलांना तें इतकें आवडलें कीं, पुढें तेंच तिचें नांव होऊन बसलें. अमेरिकेंतील धंदेवाईक खेळाडू याच जातीच्या डबीवर आपला अभ्यास करीत असत, असें पुढें आमच्या वाचनांत आलें, तेव्हां आमच्या निकालाची फेरतपासणी करणें प्राप्त झालें. तिची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आयपॉड हें यंत्र मूळचें गाणीं ऐकण्याचें. २००५ च्या ऑक्टोबरांत अ‍ॅपल कंपनीनें त्याची जी नवी आवृत्ति काढली, तींत हलतीं चित्रें दाखविण्याची सोय होती. पडदा कर्णरेषेंत अवघा अडीच इंच. एवढ्याशा पडद्यावर कोणी काय पाहावें, अशी शंका कोणासहि यावी. परंतु दुसऱ्याच वर्षीं डेन्व्हर शहरच्या ‘कोलोरॅडो रॉकीज’ या बेसबॉलच्या संघानें सामन्यांचीं चित्रणें या डब्यांत भरून तीं आपल्या खेळाडूंच्या हातीं देण्यास आरंभ केला.

यांत एवढें विशेष तें काय, हें समजण्यास त्या खेळाची थोडी माहिती पाहिजे. बेसबॉलमध्यें चेंडू फेंकणारा (त्यास तिकडे पिचर म्हणतात) फलंदाजापासून साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. ताशीं नव्वद-पंचाण्णव मैल वेगानें सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आंत फलंदाजापाशीं पोंचतो. तो सरळ येणार, वळणार, कीं ऐन वेळीं खालीं पडणार, हें तेवढ्यांत ताडून दांडू फिरवावा लागतो. दहा संधींपैकीं तीन साधल्या तर तो फलंदाज उत्तम गणला जातो. आमच्या परीक्षांत शेंकडा तीस गुण मिळविणारा नापास. तेथें तोच मानकरी! शिवाय मोसम साऱ्या उन्हाळाभर चालतो. सहा महिन्यांत एकशें बासष्ट सामने, निम्मे घरच्या मैदानावर आणि निम्मे परगांवीं. रात्रीं सामना संपला कीं विमानांत बसावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं निराळ्या शहरांत निराळ्या प्रतिस्पर्ध्यापुढें उभें राहावयाचें. अशा धांवपळींत अभ्यास करावा केव्हां?

पूर्वीं मैदानाशेजारच्या खोलींत चित्रफिती पाहण्याचीं यंत्रें असत. ज्याला पाहावयाचें असेल त्यानें तेथें जावें, यंत्र रिकामें नसेल तर थांबावें, आणि नको असलेला भाग पुढें सारीत आपल्या कामाचा तुकडा हुडकावा. रॉकीज संघाच्या चित्रण-विभागानें हें हुडकण्याचें काम स्वतःच्या अंगावर घेतलें. तीन तासांच्या सामन्यांत एका फलंदाजाच्या वांट्यास चार-पांच पाळ्या येतात. त्यांतील चेंडूंमधला रिकामा वेळ कापून टाकला कीं उरतात तीं थोडीं मिनिटें. असे तुकडे नांवनिशीवार लावून डबींत भरले जात. मग उद्यां ज्या फलंदाजाशीं गांठ आहे, त्यास मागें आपण कोणते चेंडू टाकले व तो कशावर फसला, हें पिचर विमानांत बसल्या बसल्या पाही. फलंदाजहि आपल्या हातापायांची ठेवण न्याहाळी. इतर कांहीं संघांनींहि हें अनुकरण केलें.

याचें फळ काय मिळालें, असें कोणी विचारील. तर त्या वर्षीं रॉकीज संघानें ७६ सामने जिंकले आणि ८६ हरले. पुढील वर्षीं, २००७ सालीं, तोच संघ अंतिम मालिकेपर्यंत गेला आणि तेथें बॉस्टनकडून ओळीनें चार सामने हरला. पहिल्या वर्षाचें अपयश डबीच्या माथीं मारूं नये, आणि दुसऱ्या वर्षाचें यशहि तिच्या पदरांत टाकूं नये. नव्या शाईच्या दौतीमुळें कोणी पहिल्या नंबरानें पास झाल्याचें आम्हीं तरी पाहिलें नाहीं.

खेळ संपल्यावर खेळाचें चित्र पाहून शिकावें, ही कल्पना मात्र डबीहून फार जुनी आहे. अमेरिकन फुटबॉलमध्यें क्लीव्हलंड संघाचे शिक्षक पॉल ब्राऊन यांनीं ती १९४६ पासून पद्धतशीर राबविली. हे गृहस्थ पूर्वीं ओहायोंतील मॅसिलॉन येथील हायस्कुलांत खेळ शिकवीत असत, आणि शाळा त्यांच्या अंगांतून कधीं गेली नाहीं. धंदेवाईक गडी, एकेक आडदांड पुरुष, त्यांना त्यांनीं वर्गांत बसविलें, वह्या करावयास लावल्या, त्यांच्या लेखी परीक्षा घेतल्या, आणि सामन्याची फीत पाहून प्रत्येकास गुण दिले. त्या वह्यांचा वंश फार काळ चालला. २०११ सालीं टँपा बे येथील संघानें जाडजूड वह्यांऐवजीं खेळाडूंच्या हातीं आयपॅड दिले, तेव्हां कोठें त्यांस पेन्शन मिळूं लागली.

परंतु या विद्येचा खरा उपासक म्हणून आम्हांस जो वाटतो, तो सॅन डिएगो संघाचा फलंदाज टोनी ग्विन. १९८३ सालीं तो तेवीस वर्षांचा होता. मनगटाच्या दुखापतींतून उठून तो मैदानावर परतला होता, पण फटके कांहीं केल्या बसेनात. संघ परगांवीं होता. तेथून त्यानें घरीं आपली पत्नी अ‍ॅलिशिया हिला फोन केला, आणि टेलिव्हिजनवर सामना लागेल तो घरच्या यंत्रावर टिपून ठेवण्यास सांगितलें. घरीं परतल्यावर त्या फितींत तो स्वतःस पाहूं लागला आणि आपला दोष हुडकून काढला. त्याच मोसमाच्या उत्तरार्धांत सलग पंचवीस सामन्यांत त्याचा एक तरी फटका यशस्वी झाला, आणि पुढल्या वर्षीं साऱ्या लीगमध्यें फलंदाजीचा पहिला मान त्यास मिळाला. असा मान त्यानें एकंदर आठ वेळां मिळविला.

या कथेंत अ‍ॅलिशियाबाईंच्या वांट्यास बहुधा एकच ओळ येते. आमच्या वाचकभगिनी ती ओळ अधिक सावकाश वाचतील. त्या वेळीं त्यांचा मुलगा पुरता वर्षाचाहि झाला नव्हता. पोर कडेवर घेऊन, नेमक्या वेळीं कळ दाबून, नवऱ्याच्या चुका जशाच्या तशा टिपून ठेवावयाच्या आणि तो घरीं आला कीं त्याच्यापुढें ठेवावयाच्या, हें काम नाजूक खरें. (चुका लक्षांत ठेवण्याचें काम यंत्राशिवायहि घरोघर चालूं असतें, असें येथें आमच्या मंडळींनीं सुचविलें आहे.)

पुढें ग्विन प्रवासांतहि चित्रफितींचीं यंत्रें बरोबर घेऊन फिरूं लागला. तीं कांहीं खिशांत मावणारीं नव्हतीं. लोखंडी ट्रंकेसारखें ओझें होतें. लोक त्यास थट्टेनें ‘कॅप्टन व्हिडिओ’ म्हणूं लागले. १९९४ सालीं, खेळाडूंच्या संपामुळें ऑगस्टांतच मोसम थांबला तेव्हां, हजार संधींस ३९४ हें त्याच्या यशाचें प्रमाण होतें. १९४१ सालीं टेड विल्यम्स यानें हजारीं ४०६ चें प्रमाण गांठलें होतें. त्यानंतर त्याच्या वा ग्विनच्या लीगमध्यें एवढी मजल कोणाचीहि गेली नव्हती.

विल्यम्सचें नांव निघालें तें बरें झालें, कारण आम्हांस मुख्यतः सांगावयाचें आहे तें येथेंच. ग्विनचा हातखंडा फटका उलट्या बाजूस, डावीकडील दोन क्षेत्ररक्षकांमधल्या फटींतून जाई. फिती तो पाही त्या हा फटका अधिक निर्दोष करण्यासाठीं. १९९२ सालीं सॅन डिएगो येथें निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना झाला, त्या वेळीं त्याच गांवीं जन्मलेला विल्यम्स तेथें आला होता. वय त्र्याहत्तर. त्यानें ग्विनला गांठून बजावलें कीं, अंगाशीं येणारा चेंडू असा हळूच ढकलून देऊं नकोस, तो उजवीकडे जोरानें ओढून मार. ग्विन तेव्हां दहा वर्षांचा मुरलेला खेळाडू, पांच-सहा हजारांवर संधी घेतलेला. तरी त्यानें त्या म्हाताऱ्याचें म्हणणें मनावर घेतलें. १९९७ सालीं, सदतिसाव्या वर्षीं, त्यानें सतरा वेळां चेंडू सीमेपार धाडला. त्याच्या वीस मोसमांच्या कारकीर्दींत इतके असे फटके दुसऱ्या कोणत्याहि वर्षीं नाहींत.

जो फटका ग्विननें कधीं मारलाच नव्हता, तो त्याच्या फितींत दिसावा कसा? आपण काय केलें तें चित्र सांगतें. काय करतां आलें असतें, हें सांगावयास टेड विल्यम्स लागतो. म्हणून डबीच्या बाबतींत एक गोष्ट आमच्या मनास थोडी खटकली. पूर्वीच्या खोलींत पाहणाऱ्याच्या खांद्यामागें एखादा वडील खेळाडू किंवा शिक्षक उभा असे, न विचारतां बोले, कधीं टोंचूनहि बोले. विमानांतल्या आसनावर गुडघ्यावर डबी ठेवून बसलेल्या मुलाच्या मागें कोण उभें राहणार? सोय झाली, पण सोबत गेली.

ग्विनविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जाववत नाहीं. दाढेंत तंबाखूची गोळी धरून खेळण्याची त्याची संवय तीस वर्षांहून अधिक काळ टिकली. फितींत त्याचा गाल फुगलेला दिसत असेलच. ज्या डोळ्यांनीं मनगटाचा केसाएवढा फरक टिपला, ते त्या गालावरून सरकून जात असले पाहिजेत. २०१० सालीं त्यास लालाग्रंथीचा कर्करोग झाला. हा रोग तंबाखूनेंच झाला, असें तो स्वतः म्हणे. २०१४ च्या जूनमध्यें, वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, तो वारला.

दुसऱ्यास हें दोष देणें सोपें आहे. आमच्या सेवानिवृत्तीच्या समारंभांत आम्हीं केलेलें वीस मिनिटांचें भाषण पुतण्यानें मोबाइलवर टिपलें होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत सगळीं मंडळी जमवून त्यानें तें लावलें. पहिल्या दोन मिनिटांत आम्हीं सात वेळां ‘म्हणजे असें कीं’ म्हटलें, आणि दर वेळीं उजव्या हातानें कान चोळला. मुलें खिदळूं लागलीं. मोठी माणसें हंसूं नये म्हणून एकमेकांकडे पाहीनात. तीस-पस्तीस वर्षें वर्ग कशास हंसत असे, तें आम्हांस त्या रात्रीं कळलें. पाणी पिण्याचें निमित्त करून आम्ही उठलों. ग्विन स्वतःस वर्षानुवर्षें पाहत बसला, यांत केवढें धैर्य आहे, तें त्यानंतर आमच्या ध्यानीं आलें.

जें साधन आपलें दाखवितें तेंच दुसऱ्याचेंहि दाखवितें, आणि तेथें पाय घसरतो. बेसबॉलमध्यें फलंदाजामागें बसलेला झेलकरी बोटांच्या खुणांनीं पिचरला कोणता चेंडू टाकावा हें सुचवितो. मैदानावर उभ्या असलेल्या खेळाडूनें केवळ डोळ्यांनीं त्या खुणा ओळखल्या तर तो चतुर ठरतो. यंत्रानें ओळखल्या तर चोर. २०१७ सालीं ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज संघानें दूरच्या कॅमेऱ्याचें चित्र खेळाडूंच्या बांकाजवळच्या पडद्यावर आणून खुणा उलगडल्या, आणि फलंदाजास इषारा देण्यासाठीं कचऱ्याचें पिंप बडविलें! त्याच वर्षीं तो संघ अजिंक्य ठरला. पुढें एका जुन्या सहकाऱ्यानेंच ही गोष्ट फोडली. २०२० च्या जानेवारींत संघास पन्नास लक्ष डॉलर दंड झाला. सर व्यवस्थापक आणि संघाचे मॅनेजर या दोघांस वर्षभर दूर ठेवण्याची शिक्षा झाली व मालकानें त्यांस त्याच दिवशीं काढून टाकलें. पिंप बडविणारे खेळाडू मात्र सुटले. हें आम्हांस रुचलें नाहीं. नक्कल करणारा मुलगा मोकळा आणि हेडमास्तर घरीं, असा न्याय आम्हीं कोणत्याहि शाळेंत पाहिला नाहीं.

या प्रकरणाचा जाच निरपराध्यांसहि झाला. २०१६ पासून खेळाडूंच्या बांकावर आयपॅड ठेवण्याची मुभा होती. पण २०२० च्या मोसमांत सामना चालूं असतां आपलें चित्र पाहण्याची बंदी झाली. बॉस्टनचा नामांकित फलंदाज जे. डी. मार्टिनेझ यानें, या बंदीमुळें आपला खेळ अडला, असें उघड सांगितलें. त्या वर्षीं त्याचें प्रमाण हजारीं २१३ वर घसरलें. तो मोसम साथीमुळें साठच सामन्यांचा होता, म्हणून आंकड्यावर फार भार देऊं नये. तरीहि पाटी काढून घेतली कीं पाढा आठवत नाहीं, अशीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि तीं मंद नसत. २०२१ सालीं आयपॅड परत मिळाले, पण झेलकऱ्याच्या खुणा चित्रांतून वगळलेल्या. त्या वर्षीं मार्टिनेझ हजारीं २८६ वर आला. पुढें २०२२ पासून झेलकऱ्यास खुणांऐवजीं कळी दाबून संदेश देण्याचें एक लहान यंत्रहि मिळालें.

त्याच २०२२ च्या मे महिन्यांत अ‍ॅपलनें आयपॉड बनविणें बंद करीत असल्याचें जाहीर केलें. पुतण्याची डबी खणांत आहे ती आतां चालत नाहीं. आमचें भाषण मात्र त्यानें जपून ठेविलें आहे, असें तो म्हणतो. त्यांतील अठरा मिनिटें आम्हीं अद्याप पाहिलेलीं नाहींत. येत्या रविवारीं दुपारीं, मुलें खेळावयास गेल्यावर, तीं लावून देण्यास त्यास सांगितलें आहे. आणि त्यानें शेजारीं बसावें, असेंहि सांगितलें आहे.