परसदारी ट्रॅम्पोलिन घेताना

ट्रॅम्पोलिन म्हणजे लोखंडी पाइपांचा गोल सांगाडा आणि त्याला चहूबाजूंनी स्प्रिंगांनी ताणून बसविलेली मजबूत मॅट. मुलाने उडी मारली की मॅट दबते, स्प्रिंगा ताणतात आणि पूर्ववत होताना मुलाला वर उडवतात. अमेरिका-ऑस्ट्रेलियात हे साधन घरामागच्या अंगणात सर्रास दिसते. आपल्याकडे ते सर्कशीत पाहिलेले, नाहीतर मोठ्या शहरात तासाचे तिकीट काढून मुलांना नेऊन दाखविलेले. आता ते खोक्यात बांधून घरपोच येते. तालुक्याच्या गावी घर बांधून मागे थोडी मोकळी जागा राखलेली नोकरदार कुटुंबे चौकशी करू लागली आहेत. आम्ही दोघा भावांच्या एकत्र कुटुंबात गेल्या दिवाळीनंतर ट्रॅम्पोलिन घेतले. तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतात, म्हणून हा तपशील देत आहोत.

या साधनाचा जन्म अमेरिकेच्या आयोवा राज्यातला. जॉर्ज निसेन या जिम्नॅस्ट तरुणाने सर्कशीतील झुल्यावरचे कसरतपटू खालच्या जाळीत पडून पुन्हा उसळताना पाहिले आणि १९३०च्या दशकात लॅरी ग्रिस्वोल्ड यांच्या साथीने हे साधन तयार केले. उडीच्या फळीला स्पॅनिश भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याचे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ते वापरले गेले आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये स्त्रिया व पुरुष दोघांसाठी हा खेळ दाखल झाला. म्हणजे हे नुसते खेळणे नव्हे, व्यायामाचे साधन आहे, आणि व्यायामाच्या साधनाला शिस्त लागते.

ही शिस्त कोणती, ते पैसे मोजण्याआधी समजून घ्यावे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरी ट्रॅम्पोलिन ठेवूच नये, असे १९९९ मध्ये सांगितले आणि २०१२ मध्ये घरगुती वापराला पुन्हा विरोध नोंदविला. त्यांच्या म्हणण्यानुसार सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी एकाहून अधिक जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यांतही सर्वांत लहान मुलाला धोका सर्वांत जास्त. कारण साधे आहे. थोरल्याच्या वजनाने मॅट खोल दबते. ती जोराने वर येत असताना धाकटा खाली येत असेल, तर त्याच्या पायाला मऊ मॅट मिळत नाही, वर येणारा तडाखा मिळतो. सहा वर्षांखालच्या मुलांचे नडगीचे हाड गुडघ्याखाली मोडते ते अशानेच. आणखी एक गोष्ट त्यांनी नमूद केली आहे. मोठे माणूस देखरेखीला हजर असतानाही कितीतरी दुखापती झाल्या आहेत. तेव्हा नुसते खुर्ची टाकून बसणे पुरेसे नाही. एका वेळी एकच मूल, आणि सहा वर्षांखालचे मूल नाही, हे ज्यांना जमणार नसेल त्यांनी ट्रॅम्पोलिन घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सर्व वाचूनही आम्ही घेतले. घरात आठ ते चौदा वयाची चार मुले, चौघांच्या हाती मोबाईल, आणि गावातले मैदान दुकानगाळ्यांखाली गेलेले. दोन्ही जावांनी मुलांना समोर बसवून नियम कबूल करून घेतले, मगच पैसे भरले.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, हिशेब मांडल्याशिवाय करमत नाही. आठ फुटी ट्रॅम्पोलिन, जाळी व शिडीसह, १८,५०० रुपये. मुरूम १,२००. जमिनीत ठोकायच्या खुंट्या व दोर ३५०. एकूण २०,०५०, म्हणजे भावागणिक १०,०२५. घेताना रंग पाहू नये. पाइप जस्ताचा मुलामा दिलेले आहेत का, स्प्रिंगा झाकणारी गादी जाड आहे का आणि जाळी कोठे बसते, हे पाहावे. जाळी स्प्रिंगांच्या आतल्या बाजूला असलेली बरी, म्हणजे मुलाचा पाय स्प्रिंगांकडे जातच नाही. किती किलोपर्यंतचे वजन चालते तेही वाचून घ्यावे. जाळी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, ती मुलाला बाहेर पडण्यापासून अडवते, आतल्या आत वेडेवाकडे पडण्यापासून नाही.

जागेचा विचार बहुतेक जण जमिनीचाच करतात. आमच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत डोक्यावर चोवीस फूट मोकळे आकाश मागितले आहे. परसात उभे राहून वर पाहिले तर विजेची तार, पेरूची फांदी आणि कपडे वाळविण्याची दोरी. फांदी छाटली, दोरी हलविली आणि तारेपासून लांबचा कोपरा निवडला. भिंतीपासून चहूकडे सहा-सात फूट तरी सोडावेत. गच्चीवर ट्रॅम्पोलिन कदापि लावू नये. कठडा कितीही उंच असो, उडणारे मूल त्याहून वर जाते. खाली फरशी नको, माती हवी, आणि ती सपाट हवी. ओळखीच्या गवंड्याने पाणसळ लावून पाहिले तर एका अंगाला तीन इंचांचा उतार निघाला. त्यासाठीच तो मुरूम.

जोडणीला रविवारची सकाळ गेली. सांगाडा आणि पाय तासाभरात उभे राहतात, खरा कस स्प्रिंगांचा. आमच्याला ४८ आहेत. त्या एका टोकापासून ओळीने लावत गेल्यास मॅट एका बाजूला ओढली जाते आणि शेवटच्या स्प्रिंगा कोणाच्या बापाला ओढत नाहीत. आधी समोरासमोर चार लावायच्या, मग दोहोंच्या बरोबर मध्ये एकेक, असे करत जायचे. छिद्रे मोजून त्यांवर खडूने खुणा कराव्यात. एक छिद्र चुकले तर शेवटी सगळे उलगडावे लागते. सोबत लोखंडी आकडा येतो, त्यानेच स्प्रिंग ओढावी. हातात मोजे घालावेत आणि लहान मुलांना तेवढा वेळ लांब ठेवावे, कारण सुटलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते. आमच्याकडे खडूच्या खुणा थोरल्या मुलीने केल्या आणि मोजणी चोख निघाली. शेवटी गादी, खांब, जाळी, आणि चारही बाजूंना खुंट्या ठोकून दोराने पक्के बांधणे. वाऱ्याला हा सांगाडा पत्र्यासारखा उचलून नेता येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परसात आमची चार आणि वस्तीतली अकरा मुले. हे व्हायचेच होते. पंधरा मुले आणि एका वेळी एकच. घरच्यांनी खेळावे आणि शेजारच्यांनी कुंपणाबाहेरून पाहावे, हे आम्हाला कधीच मान्य होणार नव्हते. बाहेर उभे राहून पाहणे म्हणजे काय, हे आमच्या आधीच्या पिढ्यांना पुरेपूर ठाऊक होते. मग वही घातली. आल्या क्रमाने नाव, प्रत्येकाला तीन मिनिटे, घड्याळ पाळीची वाट पाहणाऱ्या पुढच्या मुलाच्या हातात. घरच्या मुलांचे नावही त्याच रांगेत. धाकट्याने दोन दिवस रुसून पाहिले, मग तोच घड्याळाचा सर्वांत कडक पहारेकरी झाला. बाहेरच्या मुलांच्या आईवडिलांना आम्ही घरी जाऊन धोका समजावून सांगितला आणि त्यांची संमती घेतली. हे टाळू नये.

आठवड्याभरात एक गोष्ट ध्यानात आली. वहीत बारा वर्षांपुढच्या मुलींची नावे कमी होत चालली होती. शेजारच्या एका आजींनी नातीला हाताला धरून खाली उतरविले. "घोडी झालीस, आता उड्या कसल्या मारतेस?" आमच्या वहिनी तेथेच होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, तिची दोन मिनिटे राहिलीत अजून. वहीत नाव आहे तिचं." आजी पुटपुटत ओट्यावर बसल्या, नात पुन्हा चढली. पुढे वहिनींनी वहीत मुलगा-मुलगी अशी आळीपाळीने नावे घालायला सुरुवात केली. मुली परत आल्या, ओढण्या कुंपणावर टांगून.

पहाऱ्याचाही प्रश्न होताच. संध्याकाळी पाच ते सात कोणीतरी मोठे माणूस लागते, आणि ते माणूस आपोआप घरातली बाई ठरते. तिने पोळ्या टाकायच्या की परसात लक्ष ठेवायचे? आमच्याकडे सोमवार-मंगळवार जावा, बुधवार ते शनिवार आम्ही दोघे भाऊ, तेही कार्यालयातून थेट. रविवार सर्वांचा. पहाऱ्याला कोणी नसेल त्या दिवशी शिडी उचलून घरात ठेवायची.

मॅट ओली असली की पाय घसरतो, म्हणून दव पडलेल्या सकाळी खेळ बंद. दर पंधरवड्याला नटबोल्ट पान्याने आवळावेत, उन्हाने विरलेली शिवण पाहावी. मृगाच्या आधी आम्ही सगळे उतरवतो. मॅट आणि जाळी झटकून माळ्यावर ठेवायची, स्प्रिंगा मोजून, तेलाचा बोळा फिरवून तेलाच्या रिकाम्या डब्यात भरायच्या, आणि डब्यावर आकडा लिहायचा : ४८.